आयांच्या वर्गातली मावशी

भाजलेल्या लाल मिरच्यांची सालं सोलता सोलता स्तामेनामावशीने पुन्हा तोच विषय काढला. "नेवेना, एकदा रक्त तपासून घे."

नेवेना वैतागली. आजी छातीच्या कर्करोगाने गेली होती. यंदा मावशीने तपासणी केली, तर आजीच्या जनुकातला दोष तिच्यात उतरलेला निघाला. तेव्हापासून तिने सगळ्यांमागे तपासणीचा लकडा लावला होता. नेवेनाची आई देसांका चालढकल करत राहिली, शेवटी एकदाची तपासून आली. आजच तिचा अहवाल आला. आईत दोष नव्हता. उशिरा झालेल्या या एकुलत्या लेकीचा जीव भांड्यात पडला.

कोडं होतं ते मावशीचं. हा वारसा लेकरांना कसा सांगायचा, याचा वर्ग दवाखान्यातली नर्स दर गुरुवारी आयांसाठी घ्यायची. मावशीचं लग्नही झालं नव्हतं. तरी ती एकही गुरुवार चुकवत नव्हती. नर्स म्हणे सांगायची, हात कामात असताना बोला, सोपं बोला, रडू आलं तर येऊ द्या.

"तू कुणाला सांगणार गं मावशी? कोंबड्यांना?"

मावशी हसली नाही. "तू तपासून ये, मग मी जायची थांबते."

"पण कशाला? आईत नाही ते माझ्यात कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?"

देसांका पाठमोरी बसून चुलीवरची कढई ढवळत होती. अहवाल आल्यापासून ती धड बोलली नव्हती. बातमी आनंदाची आणि घरावर सुतकी कळा. नेवेनाला काहीच उमगेना.

"आई, तू तरी सांग हिला. मी सुटले ना आता?"

देसांकाने झारा खाली ठेवला. "उद्याच जा. तपासून ये."

आता मात्र नेवेना घाबरली. "तूसुद्धा? काय लपवताय तुम्ही दोघी? तुझा अहवाल खोटा आहे का?"

"खरा आहे."

देसांका लेकीजवळ येऊन बसली. तिने नेवेनाचा हात घट्ट धरला, पण बोलली ती बहिणीशी.

"स्तामेना, सांग आता. उद्या ही मला आई म्हणेल न म्हणेल. पण हिला जन्म देऊन माझ्या ओटीत घातलंस ते तू, तेव्हा तूच सांग."