उलटतपास नाही

"साक्षीदार म्हणाली, मी खून पाहिला. आता वाचवा आरोपीला," असं म्हणून उत्तमराव वकिलांनी पानाला चुना लावायला घेतला.

ओसरीवर चार पोरं बसली होती. हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला हिंगोलीत आलेली, पुढे वकील व्हायचं म्हणणारी. दर उन्हाळ्यात उत्तमराव अशा पोरांना फौजदारी कायदा फुकट शिकवत. आजच सकाळी त्यांनी शिकवलं होतं की निकाल लागेपर्यंत साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं, वकिलानं फक्त अर्ज करायचा. आणि शेवटच्या दिवशी दरवर्षी हा एकच खटला ते पोरांपुढे टाकत.

साखऱ्याच्या शिवारात एक माणूस डोकं फुटून मेलेला. त्याच्यावर ओणवा झालेला पेमा, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा गडी. तो म्हणाला, मी उचलायला गेलो होतो. गवताचा भारा घेऊन त्या वाटेनं आलेली एक बाई निजामाच्या कोर्टात म्हणाली, खून पाहिला. पेमाला जन्मठेप झाली. तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच वारला.

पेमाचा वकील कोण होता, हे मात्र ते कधी सांगत नसत. ते स्वतःच होते. बारा वर्षांत एकाही पोराला हा खटला सुटला नव्हता, आणि सुटला नाही की उत्तमरावांना बरं वाटे. एवढी शिकलेली पोरं हात टेकतात, तर आपल्याला तरी कुठून सुचणार होतं! हे समाधान दोन-चार महिने पुरे. मग मन पुन्हा खायला उठे.

"अंधार होता का, ते विचारू," एकजण म्हणाला.

"भर दुपार होती."

"बाईचं पेमाशी वैर?"

"छे."

चौथा होता किसनसिंग. तांड्यावरून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. "बाई तांड्यावरची होती का?" त्यानं विचारलं.

"होती."

"मंग तिला एकच विचारा, वकीलसाहेब. खुनाचा रंग कोनता होता?"

बाकीची पोरं खो खो हसली. उत्तमरावांच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"आमच्या तांड्यावर मराठी बाजारातून येते, निम्मी हिंदी. आमी रगताला खून म्हनतो. सरकारी वकिलानं मराठीत विचारलं, खून पाहिला का? ती म्हनली, व्हय. दुभाष्यानं जजसाहेबाला उर्दूत सांगितलं, कत्ल देखा. तिनं पाह्यलं होतं ते नुसतं मातीत सांडलेलं रगत."



"तुला कसं ठाऊक?" उत्तमरावांनी विचारलं.

"ती माझी आजी, भिकाबाई. अजून विचारते, म्या खून पाह्यला इतकंच म्हनलं, मंग पेमाला काहून नेलं? तवापासून तांड्यात तिच्या हातचं पानी कोनी घेत न्हाई. पेमाचे वकील तुमीच होते, हे बी तिनंच सांगितलं. तुमी उठून म्हनले, उलटतपास नाही, आन् खाली बसले."

पोरं वकिलांच्या तोंडाकडे बघायला लागली. उत्तमरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराला फार ढवळू नये, गाळ वर येतो, असं आम्हाला शिकवलेलं," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही रे. तेव्हा कळलं असतं तर..."

किसनसिंगला त्यांची दया आली. "आजी तुमाला बोल लावत न्हाई, साहेब. उलट तुमचे गुन गाते. साक्ष देऊन निघताना कोर्टाच्या उंबऱ्याला ठेच लागून तिचा अंगठा फुटला, तवा तुमीच उपरणं फाडून चिंधी बांधली. ती तुमाला म्हनली बी, साहेब, खून थांबून नाही राह्यला..."

तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता कळलं.

उत्तमरावांनी पान तबकात ठेवलं. तेव्हाच कळलेलं आणि इतकी वर्षं दडवलेलं आता दडवून काय उपयोग होता?

"तेव्हा निकालाला आठ दिवस होते," ते म्हणाले.