उजवीकडची गल्ली

चर्चच्या दगडी कमानीपाशी बेरिल टकवेल उजवीकडे वळली, तसा रॉडनी पिम घाईघाईनं तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"नदी डावीकडे आहे, बेरिल."

"ठाऊक आहे. जन्म इथंच गेला माझा. नदी अजून तरी हललेली नाही."

मागून येणारे पाहुणे थबकले. पेंडरबरी गाव पायी हिंडून दाखवायची ही शनिवारची फेरी बेरिल कित्येक वर्षं फुकट करत होती, कोटावर गावच्या इतिहास मंडळाचा बिल्ला लावून. रॉडनी त्या मंडळाचा अध्यक्ष. एरवी तो फेरीला फिरकत नसे. आज आला होता तो बेरिलवर नजर ठेवायला.

उजवीकडच्या गल्लीच्या टोकाला लाल विटांची तीन मजली इमारत होती. गावचा जुना गरीबखाना. ज्यांना काम नाही, छप्पर नाही, त्यांना इथं आणून ठेवत. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. आता तिथं महागडे फ्लॅट झाले होते आणि फाटकावर सोनेरी अक्षरांत नवं नाव आलं होतं.

"आपलं बोलणं झालंय ना यावर?" रॉडनी आवाज खाली आणून म्हणाला. "आपल्या संग्रहालयाचं छप्पर या फ्लॅटांचा मालक करून देतोय. पाऊस आला की आपण बादल्या लावत फिरतो, बेरिल. बादल्या! त्याचं म्हणणं एवढंच आहे, की लोकांना दारात आणून रडगाणं नको."

"चौकात बैल बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचे, ते मघाशी सांगितलं मी. भांडखोर बायकांना खुर्चीला बांधून तळ्यात बुचकळायचे, तेही सांगितलं. सगळे हसले. तूसुद्धा हसलास."

"ते फार जुनं झालं."

"म्हणजे ज्यांना आठवतंय ते मरेपर्यंत थांबायचं. मी अजून मेलेली नाही, रॉडनी."

पाहुण्यांतल्या कुणीतरी खाकरलं. रॉडनीचे कान लाल झाले.

"मंडळाचा बिल्ला लावून तुला तिथं जाता येणार नाही," तो म्हणाला. "माझाही नाइलाज आहे."

बेरिलनं कोटाला हात घातला. संधिवातानं वाकलेल्या बोटांना टाचणी सापडेना. रॉडनीनं सवयीनं मदतीला हात पुढे केला; ती मागे सरली. शेवटी तिनं बिल्ला ओढला तो कापडाचा दोरा घेऊनच निघाला. तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला.

"घे. आता मी भर रस्त्यात मोठ्यानं बोलणारी एक म्हातारी आहे. त्याला बंदी असती तर निम्मं पेंडरबरी तुरुंगात असतं."

ती चालू लागली. मागे वळून पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पाठीमागे पावलं वाजतात का म्हणून ती कान देऊन होती, आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही.

"मग आता आम्ही कुणाच्या मागनं जायचं?" एका पुरुषाचा आवाज आला.

"माझ्या," रॉडनी म्हणाला. "नदीवर जुनी पाणचक्की आहे. बदकं आहेत."

"बदकं काय, शेफील्डलाही आहेत," विचारणाऱ्याची बायको म्हणाली. "चल रे, हॅरल्ड."

फाटकापाशी बेरिल वळली तेव्हा सगळेच आले होते. बिल्ला मुठीत धरून रॉडनीही आला होता, जरा अंतर ठेवून. बेरिलनं फाटकाबाहेरच्या फरशीवर दोन्ही पाय घट्ट रोवले.

"हा बायकांचा भाग," ती म्हणाली. चौकातला तिचा थट्टेखोर सूर आता नव्हता. "माझी आजी त्या कोपऱ्यातल्या खिडकीमागं जन्मली. तिची आई, एडिथ, पोटुशी होती म्हणून ती जिथं कामाला होती तिथल्या मालकिणीनं तिला घरातनं काढलं, ती इथं आली. बाळंतपणात गेली. तिला मागच्या बाजूला पुरलं. दगड नाही, नाव नाही. अशा कितीतरी आहेत तिथं. आता वर डांबर आहे, गाड्या उभ्या करायला."

कुणी फोटो काढला नाही.

तेवढ्यात एक करडी मोटार गल्लीत शिरली. पाहुणे बाजूला झाले आणि फाटक आपोआप सरकत उघडलं. मोटार अर्धी आत जाऊन थांबली. काच खाली आली. चालवणारी चाळिशीची बाई होती. शेजारच्या सीटवर बाजाराची पिशवी.

"काही झालंय का इथं?" तिनं विचारलं.

"काही नाही, मॅडम," रॉडनी धावत पुढे आला. "चुकून आलेत. निघालेच आता."

"चुकून नाही," बेरिल म्हणाली. "तुम्ही गाडी लावता त्याखाली माझी पणजी आहे. तेवढं सांगत होते."

बाईनं डांबराकडे पाहिलं. मग बेरिलकडे.

"आम्हाला कुणी बोललं नाही," ती म्हणाली.

"नाहीच बोलणार."

बाईनं इंजिन बंद केलं. दार उघडून ती उतरली, आणि मोटार तिथंच फाटकाच्या मधोमध सोडून बेरिलपाशी आली.

"काय नाव म्हणालात त्यांचं?"

"एडिथ."

"कुठं ते दाखवाल?"

बेरिलनं सगळ्यांना हातानं खूण केली आणि आत पाऊल टाकलं. फाटक बंद व्हायला निघालं, मोटारीपाशी येऊन अडखळलं, मागे गेलं. पुन्हा पुढे आलं, पुन्हा मागे गेलं. त्याच्या फटीतून एकेक करून माणसं आत चालली होती.