बोटी बंद आहेत

"आई, समुद्र खवळलाय म्हणे. बोटी बंद आहेत. पुढच्या सुट्टीला नक्की येतो."

तीन वर्षं तो चष्म्याच्या दुकानातून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, आईला हेच सांगत होता. आई अगदी टोकाच्या बेटावर एकटी. तासभर विमान, मग तीन तास बोट, आणि बोटीत त्याची आतडी पिळवटून निघायची.

"नको रे बाबा, उगाच जिवाशी खेळ कशाला?" असं आई म्हणाली की त्याला हायसं वाटायचं. मग दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही.

या खेपेला बायकोनेच तिकिटं काढून हातात ठेवली. बोटीत पोट धरून तो सुकाणूपाशी बसला, तेव्हा बोट चालवणाऱ्या सारंगाने त्याला निरखलं.

"बाईंचे चिरंजीव ना? चेहरा अगदी त्यांचाच. रोज दुपारी आमची बोट लागते तेव्हा बाई धक्क्यावर हजर असतात."

"रोज?"

"तीन वर्षांत आमची एक फेरी चुकली नाही, आणि त्याही चुकल्या नाहीत."

म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं.

"मी फोन करायचो, तेव्हाही तिथेच असायची?"

"हो, मग!" सारंग हसला. "फोन कानाला लावलेला, आणि दुसरा हात जोरजोरात हलवून आम्हाला खुणा करायच्या. पुढे कधीतरी मीच विचारलं, तर म्हणाल्या,



'भोंगा वाजवत जाऊ नका हो, लेकाला ऐकू गेला तर खजील होईल.'"