स्फटिकातला बुडबुडा

ह्यांनी जन्मभर दगड जमवले. स्फटिकासोबत सापडणारी दुर्मीळ खनिजं म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. दगडांना मऊ ब्रश, कापूस, काचेचं कपाट. मी समोर उभी राहून काही बोलले, की मान वर न करता नुसतं "हं."

हे गेल्यावर मी ओळखीच्या व्यापाऱ्याला बोलावलं आणि कपाट रिकामं करायला सांगितलं. शेवटी ह्यांचा सगळ्यात लाडका नमुना त्याच्या हातात आला. एका बाजूने सुयांसारख्या हिरव्या खनिजाने मढलेला स्फटिक, त्याच्या पोटात अडकलेलं पाणी, आणि पाण्यात बुबुळाएवढा एक बुडबुडा.

"कसाही फिरवा वहिनी, बुडबुडा वरच येतो," म्हणत त्याने स्फटिक उलटा केला.

बुडबुडा वर गेला नाही. माझ्या बाजूला सरकून थांबला. मी खिडकीपाशी गेले, तर तोही खिडकीकडे सरकला.

व्यापाऱ्याने स्फटिक टेबलावर ठेवला आणि हात शर्टाला पुसले. "हा राहू द्या तुमच्याकडेच."

तो गेल्यावर मी केस विंचरले, ठेवणीतले कपडे घातले आणि स्फटिकासमोर खुर्ची ओढून बसले. माझ्याकडे बघायला ह्यांना एकदाची सवड झाली होती ना!

बुडबुडा क्षणभर माझ्यासमोर थांबला. मग पाठ फिरवावी तसा हळूच पलीकडे सरकला, रिकाम्या कपाटाकडे.

"अहो, मी इथे आहे," मी म्हणाले.

स्फटिकातून उत्तर आलं.

"हं."