ढिला की फिट?

माझी धाकटी जाऊ नीरजा मल्हारगंजच्या बाजारातून मऊ काळं लेदर घेऊन आली. पुण्याच्या बहिणीसाठी घरीच टॉप शिवणार म्हणे. शलाका, शलाका, शलाका! सहा वर्षं या घरात मी त्या शलाकाच्या बारीक कमरेचं कौतुक ऐकतेय.

"वहिनी, तिची बॉडी सेम तुमच्यासारखीच आहे," नीरजा म्हणाली. "लेदरला सुईचं भोक पडलं की कायमचं, मग उसवून सैल नाही करता येत. म्हणून आधी दोन्ही पॅटर्न जुन्या चादरीचे शिवलेत, एक ढिला, एक फिट. घालून बघा ना, कोणता सही बसतोय?"

ढिला छान बसला. पण तो निवडायचा म्हणजे मी शलाकापेक्षा जाड, हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं! मी पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि नीरजाकडून फिटची चेन लावून घेतली.

"हाच. उलट जरा लूजच होतोय मला."

"पक्का ना, वहिनी?"

मी श्वास रोखूनच मान हलवली.

काल माझ्या वाढदिवसाला तिनं खोका हातात ठेवला. "शलाकाचा तर फक्त बहाणा होता, वहिनी! तुमच्यासाठीच शिवलाय, लूज होतोय म्हणालात म्हणून जरा आत घेऊन. घालून दाखवा ना!"

चेन अर्ध्यावरच अडकली.



"असू द्या वहिनी," नीरजा हळूच म्हणाली, "शलाकाला बरोब्बर बसेल."