आधीचं नाव

"वंशावळीत बायकांचं लग्नाआधीचं नावही हवंच," असं विनिताबाईंनी नववीच्या वर्गाला बजावलं होतं. दिंडोशीच्या घरी श्रुतिका आजोबांसमोर बसली. खापरपणजोबांपर्यंतचे सगळे पुरुष त्यांनी घडाघडा सांगितले.

"आणि आजीचं?"

"वनमाला. मीच ठेवलं."

"त्याआधीचं हो!"

"काय बरं होतं... जाऊ दे गं, तिला तरी कुठे आठवत असेल!"

श्रुतिकाच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती तोंड उघडायच्या आत आजी निवडायला घेतलेल्या तांदळाचं ताट घेऊन तरातरा बाहेर आली आणि तिने ते आजोबांपुढे आदळलं.

"लग्नात अंगठीने तांदळात माझं नवं नाव लिहिलंत ना? आता जुनं लिहा. ते उमटेपर्यंत हे तांदूळ गॅसवर चढणार नाहीत."