स्टीलवरचे शब्द

"पुढचा शब्द 'ओनियन'," रूपाली म्हणाली.

"कांदा?" भिमाजींनी पेन थांबवलं. "यंत्र परदेशी असलं तरी वळण नाशिकचं दिसतंय."

"लिहा ना बाबा. आणि दार लावलंय ना?"

दार लावलेलं होतं. बोटभर लांबीच्या त्या यंत्राच्या पडद्यावर एकेक इंग्रजी शब्द येत होता आणि भिमाजी तो वळणदार अक्षरात उतरवून घेत होते. असे बारा शब्द झाले.

अंबडच्या कारखान्यात नोकरी करता करता रूपालीने दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले होते. नोकरी सोडून तिला स्वतःचं लेथ मशीन टाकायचं होतं. गाळाही बघून ठेवला होता. दुसऱ्याच्या ॲपच्या भरवशावर सगळी पुंजी ठेवायची भीती वाटायला लागली, तेव्हा तिने हे यंत्र, म्हणजे बिटकॉइनचं वॉलेट, मागवलं. ती अंबडला मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची, म्हणून ते सांभाळायचं काम बाबांकडे आलं.

"यंत्र हरवलं, बिघडलं, तरी चिंता नाही," तिने समजावलं. "नवं घ्यायचं आणि हे शब्द याच क्रमाने भरायचे. पैसे जागच्या जागी. पण यंत्रही गेलं आणि शब्दही गेले, तर मग कोणी काही करू शकत नाही. बँक नाही, पोलीस नाहीत."

"आणि शब्द दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तर?"

"तर पैसे त्याचे."

"तुझ्या आईला सांगायचं?"

"आईला सांगितलं की समोरच्या कुसामावशीला कळणार. कुसामावशीला कळलं की अख्ख्या बिल्डिंगला."

भिमाजी हसले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची अख्खी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली होती. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. कागद जळतो, भिजतो, त्याला वाळवी लागते. त्यांनी डझनभर स्टीलच्या वाट्या आणल्या आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या अन्सारकडे गेले.

"काका, लोक भांड्यावर स्वतःचं नाव घालतात," मशीनची सुई टेकवत अन्सार म्हणाला. "तुम्ही हे टायगर, लॅडर काय घालताय? तेही बुडाला? कोण वाचणार?"

"नातवंडांचा खेळ आहे."

"बढिया. आमच्या पोरांना तर मोबाइलच पाहिजे."

अर्ध्या वाट्या त्यांनी अन्सारकडून करून घेतल्या, अर्ध्या दुसऱ्या बाजारात. म्हणजे पूर्ण बारा शब्द कोणाच्याच डोळ्यांखालून गेले नाहीत. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा क्रमांक होता. रूपालीने सगळ्या वाट्या तपासल्या आणि मग दोघांनी मिळून कागद गॅसवर जाळला. वाट्या बिस्किटांच्या डब्यात भरून डबा माळ्यावर, जुन्या कुलरच्या मागे गेला.

"बाबा, तुमच्याइतकं काटेकोर कुणी नाही," ती म्हणाली.

संक्रांत होऊन गेल्यावर तिचा फोन आला. गाळ्याचा करार झाला होता, राजीनामा देऊन झाला होता, सोमवारी लेथवाल्याला पैसे द्यायचे होते. "मी रविवारी येते. तेव्हा विकून टाकू."

शनिवारी दुपारी भिमाजींनी ठरवलं की त्याआधी एकदा मॉक ड्रिल घ्यायचं. ज्याची चाचणी झाली नाही, ती सुरक्षा नव्हेच, असं ते वीज केंद्रात पोरांना सांगायचे. आणि आधी सगळी तयारी मांडून घेतलेलं ड्रिल म्हणजे नाटक. संकट काही शिडी लावून ठेवली आहे का, हे विचारून येत नाही.

त्यांनी खोलीचं दार लावलं आणि मुद्दाम चुकीचा पिन टाकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला. यंत्राने स्वतःला पुसून टाकलं. पडदा कोरा झाला, अगदी रूपालीने सांगितलं होतं तसा.

"शाब्बास," ते यंत्राला म्हणाले आणि स्टूल घेऊन माळ्याकडे गेले.

डबा हाताला हलका लागला.

"अहो, वाट्या शोधताय का?" स्वयंपाकघरातून कमळाबाईंनी विचारलं. "मला काल सापडल्या, साफसफाई करताना! वाण आणा, वाण आणा म्हणून महिनाभर मी कानीकपाळी ओरडत होते. आणलंत ते आणलंत, आणि माळ्यावर दडवून ठेवलंत? काल संध्याकाळी तुम्ही वाचनालयात होता ना, तेव्हा हळदीकुंकू झालं. लुटल्या."

"सगळ्या?"

"मग! वाट्या होत्या तेवढ्याच बायका बोलावल्या. सगळ्या आपल्याच बिल्डिंगच्या."

भिमाजी स्टुलावरून खाली उतरले. मग त्यांना हसू आलं. बारा घरं, एकच जिना. प्रत्येक घरात एक शब्द, आणि त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. कालची रात्र तर ही पुंजी माळ्यापेक्षाही सुरक्षित होती! क्रमांक घातलेलेच होते. संध्याकाळपर्यंत सगळं जुळणार होतं, आणि उद्या रूपालीला सांगायला एक गोष्ट मिळणार होती. त्यांनी खिशात पेन टाकलं, एक कोरा कागद घेतला आणि समोरची बेल वाजवली.

"या भाऊ," कुसाबाईंनी दार उघडलं. "वहिनींनी धाडलं का तुम्हाला?"

"नाही, नाही. कालची ती वाटी जरा बघायची होती."

"अगं बाई! वाण परत मागतात का कुणी?"

"परत नको हो. फक्त बूड बघतो."

"बूड?" कुसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "रिटायर झाल्यावर माणसाला काय काय सुचतं!" आत जाऊन त्यांनी वाटी आणून दिली.

वाटीच्या अंगावर ताजी मराठी अक्षरं होती. 'सौ. कमळाबाई गायधनी.' भिमाजींनी ती उपडी केली. बूड लखलखत होतं. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

"छान झाल्यात ना?" मागून, आपल्या दारातून, कमळाबाई कौतुकाने म्हणाल्या. "मोडीतल्या उचलून आणल्यात तुम्ही, कुणाकुणाची इंग्रजी नावं होती खाली. तशा कशा द्यायच्या? काल सकाळीच बाजारात जाऊन सगळ्या मशीनवर घासून घेतल्या."